आबांना दिसणारा डाग

हे किस्से मी सांगतोय त्याच क्रमानं घडले का, याची मला खात्री नाही. जन्मभर रसायनशास्त्र शिकवलं, पण स्वतःच्या आठवणीवर माझा विश्वास कमीच. शिवाय किस्से साठतातच मुळी काचेवरच्या पाण्याच्या डागांसारखे. थेंब पडताना कुणी बघत नाही. पाणी उडून जातं आणि एखाद्या दुपारी तिरपं ऊन आलं की कळतं, अरे, केवढे साठलेत!

हे लोणावळ्याजवळ, जुन्या हायवेवरच्या एका वॉशिंग सेंटरमधले. सेंटर सोपानचं, तो मूळचा तिकोणा पेठ गावचा. काचा पुसायचं काम मात्र त्याचे वडील, गेनूआबा करायचे. शेजारी बशीरभाईंचं पंक्चरचं दुकान. आणि निवृत्तीनंतर दिवस कुठे घालवावा हे न सुचलेला मी.

पुढे आबांची नजर गेली. त्यात माझा वाटा किती, हे मी अजून स्वतःला विचारतो. नाहीतर गाडीच्या काचा हा काही लिहिण्याचा विषय नव्हे.

* * *

पहिल्यांदा गेलो तेव्हा माझ्या गाडीच्या काचांवर पांढरे ठिपकेच ठिपके होते. सोसायटीच्या बागेतला फवारा रोज गाडीवर उडायचा. आबांनी उजवा डोळा मिटला, गाल जवळजवळ काचेला टेकवला आणि डाव्या डोळ्यानं उजेडाकडे तिरपं पाहिलं. काच तपासायची त्यांची हीच रीत.

"सर, गाडी धुतलीया का मिठात मुरवलीया?"

मी सांगायला लागलो. बोअरचं पाणी जड असतं, त्यात कॅल्शियमचे क्षार असतात, पाणी वाळलं की ते काचेला धरून बसतात, त्यावर सौम्य आम्ल... बराच वेळ बोललो असेन.

"सर," बशीरभाई म्हणाले, "तुमचं कॅल्शियम येईस्तोवर आबांनी लिंबानं दोन काचा पुसल्या."

* * *

मला ते लागलं. पुढच्या खेपेला मी व्हिनेगरची बाटली आणि एक कोरी वही घेऊन गेलो. कॉलेजातल्या जर्नलसारखे रकाने आखले: कृती, निरीक्षण, अनुमान. मागच्या काचेचे तीन भाग केले. एकावर व्हिनेगर, एकावर लिंबू आणि एकावर आबांनी घरून आणलेलं दोन दिवसांचं ताक.

तिन्हींकडचे डाग सारखेच सुटले. मी लिहीत होतो, तेवढ्यात पलीकडच्या वस्तीतली एक शेळी आली आणि ताकाचा भाग चाटूनपुसून गेली.

"ह्येबी लिवा, सर," आबा म्हणाले. "शेळीनं ताकाला पास केलं."

मी खरंच लिहिलं. त्या वहीत मी सगळंच लिहायचो.

* * *

एका रविवारी भुशी धरणाहून परतणारे एक गृहस्थ थांबले. मोठी नवी गाडी. काचेवरचे डाग काढायला त्यांनी वाटेतच भांड्याची तारेची घासणी विकत घेतली होती आणि वापरलीही होती. कुठल्याशा व्हिडिओत पाहिलं होतं म्हणे. आता काचेवर डागही होते आणि वर बारीक रेघांचं जाळं.

"हे निघेल ना, काका?"

आबांनी एक डोळा मिटून पाहिलं आणि फडकं खांद्यावर टाकलं. "डाग पाण्याचा असतो, सायेब. त्यो निघंल. ओरखडा आपला असतो. त्यो न्हाई निघत."

गृहस्थ ओशाळले. मी मात्र हे वाक्यसुद्धा वहीत उतरवून घेतलं. अनुमानाच्या रकान्यात.

* * *

नंतर कधीतरी आबांना माझ्या पुढच्या काचेवर एक डाग दिसायला लागला. राखेच्या रंगाचा, रुपयाएवढा. मला दिसेना. सोपानला दिसेना. बशीरभाई तर गाडीत बसून, गाडीबाहेर वाकून, सगळीकडून बघून आले.

"आबा, काच चकाचक आहे."

"हाय हितं. मला दिसतूया न्हवं."

मी व्हिनेगर वाढवून पाहिलं. डिस्टिल्ड वॉटर आणलं. भिंग आणलं. आठवड्यातून एकदा असे आम्ही दोघं त्या डागामागे लागलो होतो, आणि खरं सांगायचं तर माझे ते दिवस फार छान गेले. कुणाला तरी आपल्या ज्ञानाचा उपयोग होतोय असं वाटत होतं.

"आबा, डाग तुमच्या डोळ्यातच नसंल ना?" बशीरभाईंनी एकदा चेष्टा केली. सगळे हसले. आबाही हसले.

मी नाही हसलो. मी म्हणालो, "बशीरभाई, प्रश्न काचेचा आहे. उत्तर काचेतच मिळणार."

सरांनी सांगितलं म्हटल्यावर विषय मिटला.

* * *

मग तोच डाग आबांना गिऱ्हाइकांच्या गाड्यांवरही दिसायला लागला. ते पॉलिशची पावडर घेऊन एकेक काच इतकी घासायचे, की एका गाडीच्या काचेतून समोरचा रस्ता लाटेसारखा हलताना दिसू लागला. तो मालक चिडून गेला. दुसरा परत आलाच नाही.

सोपाननं त्यांना काचांवरून काढून पायपुसण्या धुवायला बसवलं.

"आबा, आता राहू द्या. लय केलं तुमी."

आबा दिवसभर पायपुसण्या झाडत राहिले. संध्याकाळी माझ्याजवळ आले, म्हणाले, "सर, तुमी तरी सांगा त्याला. डाग हाय."

मी सोपानला जाऊन सांगितलं, की क्षार काचेत खोलवर गेले असण्याची शक्यता नाकारता येत नाही. अशी वाक्यं मला चांगली जमतात.

* * *

काही महिन्यांनी आबा कपाच्या बाहेर चहा ओतायला लागले. आम्ही त्यांना माझ्याच गाडीतून पुण्याला नेलं. तपासून झाल्यावर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "डावा डोळा बराच आधी गेलाय. उजव्याच्या पडद्यामागे आता रक्त साठलंय. सुरुवातीला आणलं असतं, तर इंजेक्शनं देऊन पुष्कळ वाचवता आलं असतं."

मग त्यांनी विचारलं, "एका डोळ्यानं बघताना समोर डाग दिसतो, असं हे कधी कुणाला बोलले होते का?"

"आठवत न्हाई, बाई," आबा म्हणाले.

"मला न्हाई बोलले," सोपान म्हणाला. "मीबी कधी इचारलं न्हाई."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं.

"माझ्याशी तरी नाही," मी म्हणालो. मी खोटं बोललो नाही. मला खरंच आठवत नव्हतं.

परतताना आबांना झोप लागली. कामशेत मागे पडल्यावर सोपान म्हणाला, "सर, पोटचा पोरगा असून मला कळलं न्हाई."

"तुझी काय चूक?" मी म्हणालो. "कुणी सांगितल्याशिवाय आपल्याला कळणार कसं?"

* * *

इंजेक्शनं झाली, पण फार काही हाती लागलं नाही. आबा आता बशीरभाईंच्या दुकानासमोर खुर्ची टाकून बसतात. नजरेच्या मधलं त्यांना दिसत नाही, कडेचं थोडं दिसतं. मी गेलो की म्हणतात, "सर, असं समोर नका थांबू. जरा बाजूला व्हा, म्हंजी दिसाल."

मी बाजूला होतो.

सोपान धुतलेली गाडी त्यांच्याजवळ आणतो. ते काचेवरून बोटं फिरवतात आणि राहिलेला डाग बरोबर सापडतो. "हितं हाय," म्हणतात. आता कुणी वाद घालत नाही. दर खेपेला सोपान त्यांचा हात धरून त्यांना पुन्हा खुर्चीत बसवतो आणि माझ्याकडे न बघता म्हणतो, "मला तवाच कळाय पायजे हुतं, सर."

* * *

या गोष्टीला काही वर्षं झाली. गेल्या महिन्यात घरातलं कपाट आवरताना ती वही सापडली. शेळीचं पान होतं. ओरखड्याचं वाक्य होतं. चार पानं पुढे, माझ्याच नीटस अक्षरात, हे होतं:

"कृती: पुढची काच व्हिनेगरने घासून, डिस्टिल्ड वॉटरने धुऊन, कोरडी केली.

निरीक्षण: आबांना डाग उजवा डोळा मिटल्यावरच दिसतो. दोन्ही डोळे उघडे असता दिसत नाही. नजर हलली की डागही हलतो, असे ते म्हणतात.

अनुमान: काच पुन्हा घासावी."

खाली माझी सही आहे.