शेगडीजवळ उदबत्ती कशाला?

मंडळी, आत्ताच घरी पोचले, पण उदबत्तीचा वास काही नाकातून जात नाहीये.

आज भिंगारहून आम्ही मुळा धरणावर बोटीत बसायला गेलो होतो. बोट अजून काठालाच होती. तिच्या पोटात छोटंसं स्वयंपाकघर, तिथे बोटवाले काका चहा-भजी करून देतात. शेगडी, खाली सिलिंडर आणि शेगडीला लागूनच पेटलेली मोगऱ्याची उदबत्ती.

ना देव, ना फोटो. मग ही उदबत्ती कुणासाठी? माझ्या मनात पाल चुकचुकली.

नवरा म्हणाला, "तुला सगळीकडे संशयच!"

लेकीची चप्पल उचलायला वाकले आणि दचकलेच. उभं राहिलं की मोगरा, वाकलं की गॅस!

उदबत्ती पाण्यात बुडवली, सिलिंडर बंद करायला लावला, सगळ्यांना काठावर उतरवलं. नंतर पाहिलं तर गॅसची नळी चिरलेली.

काका शांतपणे म्हणाले, "खिडक्या उघड्या हायेत की ताई. अन् वास तर रोजच येतो, म्हनून तर आगरबत्ती लावतो."

अहो, हा गॅस हवेपेक्षा जड! घरात तो दाराखालून थोडा तरी बाहेर जाईल. बोट म्हणजे पातेलंच, गळलेला गॅस तळाला साठून राहतो. आणि त्याच्याशेजारी रोज विस्तव!

घरी शिरल्या शिरल्या मात्र आमच्या ओट्याखाली वाकून नवराच हुंगत बसला.

आता कुठेही फार छान सुगंध आला, तर तुम्ही एकदा खाली वाकून बघाल ना?