लाल रुमाल आणि मोठे सर

दुष्काळाच्या त्या वर्षांत आमच्या क्लिनिकची पाण्याची टाकी कधी भरली नाही. किस्से मात्र काठोकाठ! एकेक आठवला की माझं डोकं आजही तापतं.

आधी काम सांगते. खायला बसलं की थांबताच येत नाही, पोट दुखेपर्यंत खायचं आणि मग रडायचं, असा आजार असलेल्या बायका आमच्याकडे यायच्या. उपचार म्हणजे लॅपटॉपवरचा खेळ. पदार्थाचा फोटो येतो. चौकट हिरवी असली तर बटण दाबायचं, लाल असली तर हात खाली. असं रोज केलं की मेंदूला थांबायची सवय लागते. सगळ्यांना नाही, काहींना. लॅपटॉप थोडे, पेशंट भरपूर. म्हणून फायदा कोणाला होईल हे चाचण्या घेऊन आधी ओळखायचं, असं ठरलं होतं.

आमचे मोठे सर ते तोंड बघून ओळखायचे!

*

वनिता वाळूजच्या एका कंपनीत पॅकिंगला होती. सुट्टी टाकून, दोन रिक्षा बदलून यायची. सरांनी तिच्याकडं एकदा पाहिलं आणि मला म्हणाले, "हिला नाही उपयोग. सातवी शिकलेली, त्यात जिभेवर ताबा नाही."

"ताबा असता तर ती इथं कशाला आली असती, सर?"

"तू लहान आहेस अजून."

पंचविशीतली मी क्लिनिकात लहान, आणि घरी लग्नाचा विषय निघाला की उशीर झालेली!

*

सरांची लाडकी पेशंट म्हणजे एक निवृत्त मुख्याध्यापिका. सोमवार, गुरुवार, चतुर्थी, सगळे उपास. "काय संयम आहे! हिला शंभर टक्के फायदा."

बाई मला हळूच म्हणाल्या, "अगं, दिवसभर उपाशी राहते ना, म्हणूनच उपास सोडला की सुटते मी. शिळ्या पोळीपासून लाडवाच्या डब्यापर्यंत काही उरत नाही."

मी धावत जाऊन सरांना सांगितलं. सर गंभीर झाले.

"मग उपास वाढवायला सांग त्यांना!"

*

मी भांडून भांडून वनिताला जागा मिळवून दिली. "प्रगती दिसली नाही तर महिनाअखेरीला लॅपटॉप दुसऱ्याला," सर म्हणाले. पहिल्याच दिवशी वनिता एकदाही चुकली नाही! मी आनंदात, तर तीच तोंड पाडून बसलेली.

"मॅडम, ह्यो केक न् पिझ्झा मी कधी खाल्लाच नाय. त्याला नाय म्हणायला काय जातंय? मला भात न् शेंगदाण्याची चटणी दिसली की थांबवत नाय."

खेळ परदेशातून आणलेला, कोणी फोटोच बदलले नव्हते! मग आम्ही भात, चटणी, भजी, भाकरी यांचे फोटो काढून खेळात घातले. आता वनिता चुकायला लागली. म्हणजे उपचार आत्ता सुरू झाला होता.

सर म्हणाले, "बघ, घसरली!"

*

महिना संपत आला तशी वनिताची सासू तक्रार घेऊन आली.

"डॉक्टर, हिनं भाताच्या पातेल्याला लाल रुमाल बांधलाय! उरलेलं संपवत नाय आता."

"रोज उरलेलं तीच संपवायची?" मी विचारलं.

"मंग? उरलेलं दुसऱ्या भांड्यात काढलं तर दोन भांडी घासाया लागत्यात. टँकरचं पाणी हाय, बाई. लई खाती म्हणून तर तिला इथं धाडली."

"आजी, संपवायला तुम्हीच लावता आणि लई खाते असंही तुम्हीच म्हणता!"

सरांनी मला माफी मागायला लावली. मोठ्यांशी असं बोलू नये म्हणे!

*

महिनाअखेरीला बाहेरगावचे डॉक्टर आले. त्यांच्यादेखत वनिताचा निकाल लागणार होता. सरांनी चाचणी बाजूला ठेवली आणि गरम भज्यांची प्लेट तिच्यासमोर सरकवली.

"घ्या, वनिताबाई. लाजू नका."

तिनं दोन्ही हात मांडीवर ठेवले.

"अहो, घ्या!"

हात तिथंच.

सर पाहुण्यांकडं वळले. "याला मी प्रगती म्हणत नाही. ही नुसती लाज आहे." एक भजं सरांच्या तोंडात. "संयम शिक्षणातून येतो." दुसरं. "अनुभवानं सांगतो, मेंदूचा पुढचा भाग..." तिसऱ्याला तळलेली मिरचीही.

वनितानं प्लेट अलगद स्वतःकडं ओढली. सरांचा चेहरा उजळला. "बघा! काय म्हणत होतो मी?"

तिनं पिशवीतून लाल रुमाल काढला, उरलेल्या भज्यांवर नीट पसरला.

"सर, हात खाली."