डोळे मिटून भरलेल्या बांगड्या

चुडीवाल्या खाला बांगड्या भरताना डोळे मिटून घ्यायच्या. समोरच्या बाईचा हात धरायचा, अंगठ्याखालचं हाड दाबून बघायचं आणि टोपलीतून नेमक्या मापाची बांगडी काढायची. "डोळे फसवतात गं, बोटं नाय फसवत," म्हणायच्या. मुकुंदवाडीत आमच्या शेजारच्या खोलीत त्या एकट्याच राहायच्या.

माझं माहेर भंडाऱ्याकडं. सातवीत शाळा सुटली. लग्न होऊन इथं आले तेव्हा ओळखीचं कुणी नव्हतं आणि मला सगळ्याचीच भीती. नळाला पाणी आलं नाही तरी छाती धडधडायची. पलीकडून हाक यायची, "ये गं घाबरट, चहा टाकलाय." त्या हाकेवर मी पहिली दोन वर्षं काढली.

मग खालांना स्तनाचा कॅन्सर निघाला. ऑपरेशन झालं. पुढं दर आठवड्याला सलाईनमधून औषध, असे बारा डोस. कागद वाचायला मी सोबत. डॉक्टरबाई म्हणाल्या, या औषधानं बोटं बधिर होऊ शकतात, कुणाकुणाची कायमची.

"चालेल, मॅडम," मी घाईघाईनं म्हणाले.

खाला माझ्याकडं वळल्या. "बोटं तुझी हायत का? मग तुला कसं चालंल?"

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. "बोटांनी काय करता तुम्ही?"

"बायांच्या हातात काच भरते. मला कळलं नाय तर त्यांचं रगत निघंल."

ठरलं ते असं, की डोस घ्यायचे, पण दर वेळी आधी बोटांची चौकशी. खालांची तपासणी त्यांची स्वतःची होती. दवाखान्यात निघण्याआधी डोळे मिटून माझ्या हातात एक बांगडी भरायच्या. आठ आठवडे बांगड्या सरसर चढल्या. नवव्या आठवड्याला हिरवी बांगडी वाढली आणि काच माझ्या मनगटात रुतली.

उरलेले डोस सोडले आणि आजार परत आला तर? मी पटकन म्हणाले, "खाला, मीच हात हलवला."

त्यांनी पदरानं रक्त पुसलं. "खोटारडी. आन खरंच हलवला असशील, तर मला कळलं कसं नाय? दोन्हीकडून बोटंच गेली की."

डॉक्टरबाईंनी आडपडदा ठेवला नाही. आता थांबलं तर आजार उलटायचा धोका थोडा वाढतो, पुढं घेतलं तर बधिरपणा वाढू शकतो. खालांनी एक दिवस मागून घेतला. दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, "बस झालं."

परतताना रिक्षात मी रडले. "रडतीस कशाला? मरते म्हणाले का मी? धंदा करते म्हणाले."

त्यानंतर सहा महिने त्यांनी बांगड्या नुसत्या विकल्या, भरल्या नाहीत. रोज डोळे मिटून डाळीतले खडे वेचत बसायच्या. तपासण्या चांगल्या येत गेल्या.

आता नवऱ्याच्या कंपनीपायी मी गुजरातेत असते. डॉक्टरसमोर बसलं की 'चालेल' अजून तोंडात येतं. ते गिळते आणि आधी विचारते.

निघायच्या दिवशी खालांनी मला डझनभर बांगड्या भरल्या. डोळे मिटलेले. अकरा चढल्या. बारावीच्या वेळी मी मुद्दाम हात हलवला, अगदी केसभर.

"हलू नको गं, घाबरट."