एक गाल साक्षीला

इस्त्रीखान्यात तिला सगळ्या अर्धी म्हणतात. तिला त्याचा राग येत नाही. यायचाच असता तर पहिल्या दिवशीच आला असता. त्या दिवशी ती अर्ध्याच ओठांना लिपस्टिक लावून कामावर आली आणि गेटवरचा वॉचमन म्हणाला, "काय बाई, मध्येच लाईट गेली का घरातली?"

"लाईट आहे. जेवणाच्या सुट्टीपर्यंत टिकते का ते बघतेय," ती म्हणाली. "दुसरी बाजू ताडून बघायला ठेवलीय."

लिपस्टिक जेवणाच्या सुट्टीपर्यंत टिकली नाही. चहालाच तिने राम म्हटला.

इस्त्रीखाना म्हणजे हॉटेलांच्या आणि दवाखान्यांच्या चादरी धुऊन, वाळवून, कडक करून परत पाठवायची जागा. मधोमध लांबलचक तापलेला रोलर. एका बाजूने दोघींनी ओली चादर दोन कोपरे धरून सरळ आत घालायची, पलीकडे दोघींनी ती झेलून घडी मारायची. वाफ इतकी की भिंतींनाही घाम फुटावा. तिथे पावडर लावून गेलेली बाई तासाभरात सारवलेल्या जमिनीसारखी दिसते. पण अर्धीचं म्हणणं असं की, जे इथे टिकलं ते जगात कुठेही टिकेल. डबीवर 'दिवसभर टवटवीत' लिहिणाऱ्याने एकदा ह्या रोलरसमोर उभं राहावं आणि मग छापावं.

हे खूळ तिच्या डोक्यात शिरलं ते वांगामुळे. दुसऱ्या बाळंतपणानंतर दोन्ही गालांवर वांग उठले, चहा सांडून पुसायचा राहून गेल्यासारखे. मग जी भेटेल ती काही ना काही सांगायची. शेजारणीने सांगितलं ते लावलं, जावेने सांगितलं ते लावलं, दुकानदाराने सांगितलं ते तर दुप्पट लावलं. चेहऱ्याचा पार पाटा-वरवंटा झाला, पण कशाने काय होतंय ते कळेना. मग एकदा काय झालं, एक महागातली डबी गुण यायच्या आधीच आटत आली. नवीन आणायची ऐपत नव्हती आणि फेकायचा जीव होईना. राहिलेली तिने एकाच गालाला पुरवून पुरवून लावली. डबी तळाला गेली तेव्हा ती खिडकीशी जाऊन आरशात बघते तर दोन्ही गाल सारखेच! भाऊ-भाऊ! ती इतकी हसली की आतून सासूबाई ओरडल्या, "काय गं, कुणी गुदगुल्या केल्या?"

त्या दिवसापासून तिने कायदाच केला. उजवा गाल कामाला, डावा गाल साक्षीला. उजव्याला लावायचं, डाव्याला पाण्याशिवाय काही दाखवायचं नाही. दोन वेण्यांपैकी एक तेलाची, एक बिनतेलाची. काजळ एकाच डोळ्यात. केसांच्या रंगाला सासूबाईंनी स्वतःहून डोकं दिलं आणि नंतर आठवडाभर कुरकुरत बसल्या, "बाजारात गेले तर भाजीवाला एका बाजूने काकू म्हणाला, दुसऱ्या बाजूने आजी!"

कपडे बदलायच्या खोलीत, ट्यूबलाईटखाली, ती आधी रोलरवरच्या बायकांना सांगायची. मग तिची जोडीदारीण, म्हणजे चादरीचा दुसरा कोपरा धरणारी, म्हणाली की ह्याचा व्हिडिओ काढून फोनवर टाक. टाकलं. बाकीचे व्हिडिओ बघावेत तर गुलाबी पडदे आणि रंगीत दिवे. हिच्यामागे ओल्या चादरींचा ढीग आणि कुणाचा तरी लोंबणारा टॉवेल. तरी बायका बघू लागल्या. कारण तिने एकदा "ह्याने काही होत नाही, ठेवा पैसे" म्हटलं की खरंच काही होत नसे, आणि "हे बरंय" म्हटलं की ते बरंच असे. "छान" हा शब्द तिच्या तोंडून कुणी ऐकलाच नव्हता.

म्हणूनच तिच्या नणंदेला तिचा शब्द हवा होता.

नणंदेला घरात बेबी म्हणतात. चाळिशी उलटली तरी बेबीच. तिचं शिवणकामाचं दुकान बंद पडलं तेव्हा ती महिनाभर कुणाशी बोलली नव्हती. मग कुठून तरी तिने क्रीम आणायला सुरुवात केली. मोठ्या डब्यातलं छोट्या डब्यांत भरायची, वर गुलाबाचं चित्र चिकटवायची. अंगात पुन्हा जीव आला. बोलणं आलं, हसणं आलं, नवीन चपला आल्या. ती स्वतः ते क्रीम लावायची आणि चेहरा खरंच काचेसारखा दिसायचा. पण इस्त्रीखान्यातल्या बायका डबी उलटीसुलटी करून परत द्यायच्या. "अर्धीला विचारून घेते हं."

"वहिनी, तू फक्त एवढं म्हण की चांगलंय," बेबी डबी पुढे सरकवत म्हणाली.

"लावून बघते. यात आहे काय पण?"

"केशर, बदाम आणि वनस्पती."

"कुठली वनस्पती?"

"हिरवी! तू लाव ना बाई, मुलाखत काय घेतेस?"

अर्धीने लावलं. उजव्या गालाला. आणि इतक्या वर्षांत जे झालं नव्हतं ते झालं. वांग मावळायला लागले. आधी कडा विरल्या, मग मधला डाग फिकटला, मग गाल असा उजळला की रोलरपलीकडच्या घडीवाल्या चादर सोडून तिच्याकडेच बघायला लागल्या. डावा गाल होता तिथेच, चहा सांडलेला. जोडीदारीण म्हणाली, "अगं बाई, तुझ्या तोंडावर एका बाजूला पुनव, एका बाजूला अवस!" तिच्या वयात आलेल्या लेकीच्या तोंडावर मुरुमं होती. तिने त्याच दिवशी डबी मागितली.

"थांब," अर्धी म्हणाली.

"आता कशाला थांबू?"

"अजून सोडून बघितलं नाही."

हा तिचा दुसरा कायदा. कुठलीही गोष्ट लावून बघायची, तशीच ती सोडूनही बघायची. लावलं असताना दिसतं ते डबीचं. सोडल्यावर उरतं तेवढंच आपलं.

बेबीने कपाळावर हात मारला. "वहिनी, एवढं चांगलं झालंय! उद्या म्हणशील नवरा चांगला आहे, सोडून बघते!"

नवरा लिफ्ट दुरुस्त करतो. तो ताटावरून मान न उचलता म्हणाला, "मला मध्ये घेऊ नका. मी दोन मजल्यांच्या मध्ये अडकलोय."

अर्धीने लावणं बंद केलं.

दोन-तीन दिवस काही नाही. मग गालाला खाज सुटली. मग आग. मग सकाळी उठली तर उजवा गाल सुजून लाल झालेला, त्यावर बारीक पुटकुळ्या, जणू कुणी खडबडीत कागदाने घासलाय. आणि ह्या गालाने रोलरसमोर उभं राहायचं. वाफेचा एकेक लोट यायचा तेव्हा डोळ्यांतून पाणी यायचं. ती चादरीचा कोपरा धरून ठेवायची, कारण एकीने कोपरा सोडला तर चादर तिरकी जाते आणि दुसरीचा हात ओढला जातो. जोडीदारणीने तिला गपचूप उजवीकडची जागा दिली. निदान तो गाल भिंतीकडे राहील.

"थोडंसं लाव ना," नवरा म्हणाला. त्याला बघवत नव्हतं. "नखाएवढं. लगेच थंड पडेल. बेबी म्हणतेच आहे."

पडलंही असतं, हे तिला ठाऊक होतं. डबी फळीवर समोर होती. एकदा तिने झाकण उघडलंही. बोट आत जाणार तेवढ्यात तिच्या मनात आलं की, आज लावलं तर उद्याही लावावं लागेल. म्हणजे हे औषध नव्हे, ही खंडणी झाली. तिने झाकण लावलं, डबी पिशवीत टाकली आणि अर्धी रजा टाकून त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे गेली.

डॉक्टरीणबाईंनी गाल बघितला, डबी बघितली. तपासल्याशिवाय नक्की सांगता येणार नाही, पण अशा बिननावाच्या डब्यांत बहुधा स्टेरॉइड मिसळलेलं असतं, म्हणाल्या. सुरुवातीला चेहरा उजळतो, मग कातडी पातळ होत जाते आणि त्याची सवय लागते. "सोडायच्या आधी यायला हवं होतंत. असं एकदम तोडायचं नसतं."

"चुकलंच," अर्धी म्हणाली. "पण निदान एकच गाल चुकला."

संध्याकाळी कपडे बदलायच्या खोलीत तिने फोन जोडीदारणीच्या हातात दिला. "जवळ धर. अजून जवळ. पुटकुळ्या दिसल्या पाहिजेत." आणि तिने सांगितलं. कुणाचं नाव घेतलं नाही. आधी कसा उजळला तेही सांगितलं, कारण ते खोटं नव्हतं. मग काय झालं ते दाखवलं. डबीवर आत काय आहे ते लिहिलं नसेल तर घेऊ नका, म्हणाली, आणि घेत असाल तर एकदम तोडू नका, आधी डॉक्टरला दाखवा.

नाव घेतलं नाही म्हणून काय झालं? गुलाबाचं चित्र सगळ्यांना माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी बेबी आली ती चप्पल न काढताच आत. "घरातलं घरात राहू द्यायचं होतंस! मला म्हणायचं होतंस!"

"तुला आधी म्हटलं होतं. सोडून बघू दे म्हटलं होतं."

"तुझी कातडीच नाजूक! वाफेत भाजून घेतेस रोज आणि खापर माझ्या डबीवर!"

सासूबाईंनी लेकीची बाजू घेतली. "बसलेलं दुकान पोरीने कसंबसं उभं केलं, ते तू पाडलंस. सून ती सूनच शेवटी."

"आई, चेहरा माझा आहे," अर्धी म्हणाली. आवाज चढवला नाही, पण मागेही हटली नाही. "तो झाकून ठेवायचा म्हटलं तरी कामावर घेऊन जावाच लागतो. तिथे बायका विचारणार. मी काय सांगू?"

"माझ्याकडे बघ," बेबी आपला काचेसारखा गाल तिच्यासमोर नेत म्हणाली. "वर्ष झालं लावतेय. काय झालं मला?"

"झालं नाही, कारण तू अजून सोडलंच नाहीस."

"सोडते! आत्तापासून! बघू कोण खरं!"

"बेबी, असं एकदम नको. डॉक्टरीणबाई म्हणाल्यात..." पण बेबी जिना उतरून गेलीसुद्धा. ह्या घरातल्या बायका एकदा हट्टाला पेटल्या की विझवायला बंब लागतो. अर्धीने तिला फोन केले, तिने उचलले नाहीत. नवऱ्याला पाठवलं, तो दारातून परत आला. पुढच्या रविवारी दुपारी बेबी स्वतःच आली, तोंडाला ओढणी गुंडाळून, फक्त डोळे बाहेर. आत आली, खुर्चीत बसली आणि ओढणी सोडली.

नवरा उठून गॅलरीत गेला.

अर्धीने गार पाण्यात मऊ फडकं पिळून आणलं आणि न घासता नुसतं टेकवलं. बेबीचे खांदे हलत होते. तिने हळूच पर्स उघडली. आत डबी होती.

"एकदाच लावते, वहिनी. रात्रभर झोप नाही. भट्टीत तोंड घातल्यासारखं होतंय."

अर्धीने तिचं मनगट धरलं. रोज ओल्या चादरी ओढणारा हात तो, सुटतो कसला! "उद्या सकाळी डॉक्टरीणबाईंकडे जायचं. मी सुट्टी टाकते. कसं कमी करायचं ते त्या ठरवतील. तू नाही, मी नाही, आणि ही डबी तर नाहीच नाही."

बेबीने थोडा वेळ हिसका देऊन बघितला. मग हात सैल सोडला. "खरं सांग," ती म्हणाली. "किती वाईट दिसतेय?"

दुसरी कुणीही "एवढं काही नाही गं" म्हणाली असती. अर्धीने तिची हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवला. आधी उजवा गाल बघितला, मग डावा, मग कपाळ.

"खूप," ती म्हणाली. "माझ्या दुप्पट. मी एकच बाजू लावली होती."

बेबीच्या तोंडून हसू फुटलं आणि ती कळवळली. "हसवू नकोस गं, ताणतंय!" मग हसू ओसरलं. पर्समधली डबी तिने स्वतःच टेबलावर ठेवली. "किती जणींना दिल्यात मी, वहिनी. शिवणाच्या सगळ्या गिऱ्हाइकांना. एकेकीला तोंड कसं दाखवू?"

"हेच दाखवायचं. फोन काढ. जिला पहिली डबी दिलीस तिच्यापासून सुरुवात करू. कोण ती?"

 बेबीने नुसती मान स्वयंपाकघराकडे वळवली. आत सासूबाई चहाचं आधण ठेवून काही तरी गुणगुणत होत्या. गेले वर्षभर त्यांचा चेहरा सोललेल्या अंड्यासारखा तुकतुकीत दिसत होता, आणि ही चांगल्या पचनाची कृपा आहे असं त्या येईल त्याला सांगायच्या.

अर्धी उठली. स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली आणि हात पुढे केला.

"आई, ती डबी द्या."

"कुठली डबी?" सासूबाईंनी इतक्या चटकन विचारलं की पुढचं काही विचारायची गरजच उरली नाही. अर्धीने हात तसाच पुढे ठेवला.