सहा शब्दांची जागा

ठाण्याच्या कोर्टात रंभाताईंसारखी स्टेनो नाही, हे त्यांच्यावर जळणारेही कबूल करत. जजसाहेब बोलत जायचे आणि रंभाताईंची पेन्सिल पाच-सहा शब्द मागून चालायची. ते शब्द तेवढ्यापुरते डोक्यात. कागदावर उतरले की गेले. कल्याणला घरी पोचेपर्यंत निकाल कोणाच्या बाजूने लागला, हेही त्यांना आठवत नसे. विसरता आलं पाहिजे गं, असं त्या नवीन मुलींना ठणकावून सांगत.

गेल्या महिन्यात साहेब म्हणाले, "शेवटचं वाक्य वाचा," तर वहीत वाक्यच नव्हतं. आठवड्यात तीनदा असं झालं. रंभाताईंच्या पायाखालची जमीनच सरकली. कारण घरात वडील, महिपतराव, याच वाटेने गेलेले. लहानपणी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली त्या दिवसाचं सगळं तोंडपाठ, पण पाच मिनिटांपूर्वी चहा प्यायलो हे ठाऊक नाही. आता आपलंही तसंच झालं, तर बाबांना कोण बघणार?

कोणाला न सांगता त्या माजिवड्याला डॉक्टर मृणालकडे गेल्या. तपासण्या झाल्या. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "साहेब बोलत असताना तुमच्या मनात काय चालू असतं?"

"काही नाही. गॅस बंद केला का, बाबांची दुपारची गोळी काढून ठेवली का, शेजारची मेघना त्यांना बघून गेली का..."

"दिवसभर?"

"मनात घोकत राहिले नाही तर विसरेन ना, मॅडम!"

"अहो, आत्ताचं आत्ता धरून ठेवायची जागा सगळ्यांचीच लहान असते, चार-सहा गोष्टींपुरती. तुम्ही ती सकाळीच भरून येता. साहेबांचे शब्द बसणार कुठे? तुम्हाला आजार नाहीये. दमलायत. ती यादी कागदावर लिहून मेघनाकडे द्या, आणि दोन दिवस घरी बसा."

जन्मभर दुसऱ्यांचं बोलणं लिहिणाऱ्या बाईला आपली काळजी लिहून काढायचं सुचलं नव्हतं. रंभाताई आधी हसल्या आणि मग तिथेच रडल्या.

दुसऱ्या दिवशी महिपतरावांनी विचारलं, "आज कोर्टात नाय गेलीस?"

"नाही बाबा, सुट्टी घेतली. तुमच्याजवळ बसणारे."

"खरंच? लय बरं केलंस, पोरी." म्हाताऱ्याचा चेहरा फुलला.

पाच मिनिटांनी पुन्हा तोच प्रश्न. एरवी त्या वैतागल्या असत्या. त्या दिवशी दुपारपर्यंत त्यांनी तेच उत्तर अठरा वेळा दिलं, आणि अठराही वेळा बाबांना पहिल्याइतकाच आनंद झाला.