निशाणवाले चाचा

साइटवर नवा माणूस आला की चाचा त्याला नाव विचारत नसत, गाव विचारत नसत. पाण्याचा ग्लास हातात देऊन एवढंच म्हणत, "घरी कोण?" पहिल्या दिवशी मी त्यांच्या केबिनमध्ये गेलो तेव्हा नाव सांगितलं, पदवी सांगितली, ऑफिसात कागदपत्रं सांभाळायला आलोय हेही सांगितलं. सगळं ऐकून घेऊन ते म्हणाले, "ते फायलीत असेल, मास्तर. घरी कोण?" माझ्या हातात पुस्तक होतं म्हणून मी मास्तर झालो, आणि शेवटपर्यंत मास्तरच राहिलो.

जेद्दाच्या उत्तरेला, किंग अब्दुल्ला इकॉनॉमिक सिटीच्या औद्योगिक भागात, एका अमेरिकन कंपनीचं बांधकाम चालू होतं. चाचांचं काम म्हणजे उष्म्याचं निशाण. तिपाईवर एक मीटर असे. तो ऊन आणि दमटपणा दोन्ही मोजी. त्याप्रमाणे चाचा खांबावर हिरवं, पिवळं, लाल किंवा काळं निशाण चढवीत. काळं चढलं की उघड्यावरचं काम थांबवून सगळ्यांनी सावलीत जायचं. उन्हाळ्यात दुपारी बारा ते तीन काम बंद, हा सरकारी नियम होताच. पण समुद्रकाठची हवा घड्याळ बघून तापत नाही. कित्येकदा सकाळी दहालाच काळं चढे.

मीटरच्या आधी चाचांचा टॉवेल असे. तो बादलीत बुडवून, घट्ट पिळून ते दोरीवर टाकत आणि किती वेळात वाळतो ते बघत बसत. त्यांचे वडील रत्नागिरीकडे मचव्यावर तांडेल, म्हणजे खलाशांचे म्होरके, होते. हवा ओळखण्याची ही रीत त्यांचीच. "टॉवेल वाळला नाय, तर माणसाचा घामपण वाळणार नाय," चाचा म्हणत. "मग माणूस आतल्या आत शिजतो." बहुतेक वेळा टॉवेल आणि मीटर एकच सांगत. एकदा काँक्रीटच्या गाड्या दारात उभ्या असताना काळं चढलं. साइट इंजिनिअर धावत आला आणि निशाण उतरवा म्हणून ओरडू लागला. चाचा शांतपणे म्हणाले, "साहेब, मीटर माझा नाय, कंपनीचा आहे. तुमी त्याला सांगा. त्याने ऐकलं तर मी लगेच उतरवतो." सावलीत बसलेले सगळे हसले. इंजिनिअर गाडीत जाऊन एसी लावून बसला.

त्या मोकळ्या वेळात चाचा प्रत्येकाची चौकशी करत. त्यांना नावं आठवत नसत, घरं आठवत. "दोन बहिणींवाला कुठाय? मोठीचं ठरलं काय?" "ए मोतीबिंदूवाल्या, आईचं ऑपरेशन झालं?" चाळीस-पन्नास माणसांची घरं त्यांच्या डोक्यात होती. स्वतःचं घर मात्र एका वाक्यात संपायचं: "हमिदा आहे. मुलगी सासरी."

आमच्या कंपनीत जेवणाच्या तीन मेस होत्या आणि एकाच कामाचे तीन-चार पगार. वेल्डिंग कसं करतोस हे बघण्याआधी पासपोर्ट कुठला ते बघत. मला याची चीड येई. एकदा मी म्हणालो, "निदान ऊन तरी सगळ्यांना सारखंच आहे." चाचांनी मान हलवली. "तुमी पुस्तकातलं बोलताय, मास्तर. ज्याच्या गाडीत एसी, त्याचं ऊन वेगळं." ते हे बोलले तेव्हा आवाजात कडूपणा नव्हता. हवा कशी आहे ते सांगावं, तसं ते सांगत.

एका फेब्रुवारीत हमिदाचाचींची किडनी बिघडली. आठवड्यातून दोनदा रत्नागिरीला डायलिसिस सुरू झालं. चाचांची रजा दोन वर्षांनी मिळे आणि ती आदल्याच वर्षी घेऊन झाली होती. एका दुपारी ते माझ्या टेबलाशी आले. तोवर ते ऑफिसात कधी बसले नव्हते. त्या दिवशी बसले. "मास्तर, खलास करून जाऊ काय?" खलास म्हणजे राजीनामा देऊन कायमचं परत जाणं.

मी कामगार कायद्याची प्रत काढली. ती मी पूर्ण वाचलेली होती आणि त्याचा मला अभिमान होता. चाचांच्या दहा वर्षांना सात महिने कमी होते. दहा वर्षं पुरी करून राजीनामा दिला तर सेवेच्या शेवटी मिळणारं सगळं मिळणार होतं. आधी दिला तर मोठा वाटा जाणार होता. चाचींच्या औषधपाण्याला तेच लागणार, असं मी पटवून दिलं. "सात महिनेच तर आहेत, चाचा. थांबा."

"कायद्यात असं लिहिलंय?"

"लिहिलंय." मी ओळीवर बोट ठेवून दाखवलं. त्यांना ती वाचता येत नव्हती. तरी ते त्या ओळीकडे बराच वेळ बघत राहिले.

"मग ठीक," ते म्हणाले आणि मीटर बघायला गेले.

जूनमध्ये अमेरिकेतल्या मुख्य कचेरीने आखातातला सगळा कारभार बंद करायचं ठरवलं. चाचांचा साहेब वॉल्टर हा तिकडचाच, साठीला आलेला, सीनिअर मेस सोडून चाचांच्या केबिनमध्ये काळा चहा प्यायला येणारा. त्याला व्हिडिओ कॉलवर पाच मिनिटांत काढून टाकलं. निरोप घ्यायला तो केबिनमध्ये आला. त्याच्या गावातला कारखाना कधीच बंद पडला होता, भाऊ दोन वर्षं बेकार राहून आता घरोघरी पार्सलं टाकत होता, आणि या वयात आपल्याला कोण ठेवणार, असं तो सांगत होता. मी ते चाचांना मराठीत सांगत गेलो. चाचांना खरं वाटेना. "अमेरिकेतपण बेकारी?" मग त्यांनी वॉल्टरचा हात दोन्ही हातांत धरला आणि मला म्हणाले, "विचारा त्याला, घरी कोण?" वॉल्टर म्हणाला, कुणी नाही. चाचा त्याला गाडीपर्यंत पोचवून आले.

आठवड्याभरात वॉल्टर विमानात बसला. पगार थांबले, पण आम्हाला कुणी काढलं नाही. नवा मालक येणार आहे, थांबा, असं सांगण्यात आलं. चाचा मला म्हणाले, "तो सुटला, मास्तर. त्याला काढला तर तो घरी गेला. आपल्याला काढतपण नाहीत."

हे त्यांनी जुलैत म्हटलं. ऑगस्टमध्ये त्यांच्या इकाम्याची, म्हणजे तिथे राहण्याच्या परवान्याची, मुदत संपली. इकामा नाही म्हणजे विमा नाही, दुसरी नोकरी नाही, आणि कंपनीने आधी थकलेली फी भरल्याशिवाय बाहेर जाण्याचा कागदही नाही. माझा इकामा अजून चालू होता, हातात पदवी होती. मला जेद्दात अल अझीझियातल्या एका ऑफिसने इकामा आपल्याकडे बदलून कामावर घेतलं. एकसष्ट वर्षांच्या निशाणवाल्याला कोण घेणार होतं?

मी दर शुक्रवारी डाळ-तांदूळ घेऊन कामगारांच्या वस्तीवर, कॅम्पवर जाई. पहिल्याच शुक्रवारी लांबून कॅम्पच्या गच्चीवर लाल निशाण दिसलं. साइट तर बंद होती. मी विचारलं तेव्हा चाचा म्हणाले, "ही पोरं दुकानात जायला हायवेने चालत जातात. आता कुणाला चक्कर आली तर दवाखानापण घेणार नाय." मीटर कंपनीने नेला होता. दोरीवर टॉवेल टाकून ते एकट्या टॉवेलवर निशाण ठरवत होते.

सप्टेंबरातल्या एका शुक्रवारी त्यांनी पिशवी माझ्या हातून घेतली आणि म्हणाले, "मास्तर, काल दहा वर्षं झाली." त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मला सोपं गेलं असतं.

नोव्हेंबरमध्ये हमिदाचाची गेल्या. चाचांनी माती देणं फोनच्या पडद्यावर पाहिलं. मध्येच नेटवर्क गेलं. कॅम्पमधल्या लोकांनी अंगणात रांग धरून दूरच्या मयतासाठी नमाज पढली. मी मागे उभा होतो. नमाज झाल्यावर त्यांच्याजवळ गेलो. मी म्हणालो, "चाचा, मी तुम्हाला फेब्रुवारीत..." त्यांनी मला पुढे बोलू दिलं नाही. "तुमी चुकलात नाय. कायद्यात होतं ना." ते मला धीर देत होते. त्यांचा टॉवेल खांद्यावर होता, ओला.

पुढच्या एप्रिलमध्ये, बऱ्याच खेट्यांनंतर, त्यांचा परतीचा कागद निघाला. विमानतळावर मी सोडायला गेलो. सामान एका बॅगेचं होतं. आत जाताना ते थांबले आणि काळं निशाण धुऊन, घडी घालून माझ्या हातात दिलं. "तिकडे काय करू याचं? तिकडे पाऊस पडतो." मला हसू आलं, त्यांनाही आलं. मग ते रांगेत गेले. गर्दीत त्यांची पांढरी टोपी थोडा वेळ दिसत होती.

या रमजानमध्ये त्यांच्या मुलीचा निरोप आला. बाबा पहाटे रोज्याआधीच्या सहेरीला उठलेच नाहीत. दहा वर्षांचं जे हक्काचं होतं ते अजून कुठल्याशा फायलीत आहे. मुलीने त्याबद्दल विचारलं नाही. "बाबा तुमचं नाव काढायचे, मास्तर म्हणायचे," एवढंच लिहिलं.

मी कायदा चुकीचा वाचला नव्हता. मी तो आजही पाठ म्हणून दाखवीन. पण टेबलापलीकडे बसलेल्या माणसाला, जो पहिल्या दिवशी मला पाणी देऊन एकच गोष्ट विचारत होता, त्याला मी ती गोष्ट उलट विचारली नाही. हमिदाचाची कशा आहेत, डॉक्टर किती दिवस म्हणतात, त्या फोनवर काय म्हणतात, यातलं काहीही मी विचारलं नाही. मी सरळ कलम काढलं.

मागच्या आठवड्यात रायगडकडचा एक इलेक्ट्रिशियन आमच्या ऑफिसात आला. कुणीतरी त्याला सांगितलं होतं की मला कायदा कळतो. उभ्या उभ्याच म्हणाला, "सर, आत्ता खलास करू की वर्षभर थांबू? कायदा काय म्हणतो?" कायद्याची प्रत खणात होती. खण मी उघडला नाही. त्याला बसायला सांगितलं, पाण्याचा ग्लास पुढे ठेवला आणि विचारलं, "घरी कोण?"

तो खुर्चीवर बसला. मग टोपी काढून मांडीवर ठेवली आणि सांगायला लागला.