पडद्यावरची कालची सूचना

माझ्या चुकीमुळे आज हौसाक्कांची म्हैस बुडाली, म्हणून लिहिते आहे.

व्हॉट्सॲपवरच्या पुराच्या अफवांना कंटाळून मी जुन्या कॉम्प्युटरवर लिनक्स सर्व्हर उभा केला आणि त्यावर फीड रीडर, म्हणजे वेगवेगळ्या संकेतस्थळांवरच्या सूचना एकत्र दाखवणारा प्रोग्राम, बसवला. धरणाच्या विसर्गाच्या सूचना एका पानावर दिसू लागल्या. काल दिवसभर मी स्वतः रिफ्रेश करत होते, म्हणून सगळं सुरळीत वाटलं. ठरावीक वेळाने सूचना आपोआप आणणारा क्रॉन हा प्रोग्राम लावायचा राहूनच गेला.

सकाळी शेजारच्या हौसाक्का आल्या. "आवं बाई, म्हशी वर न्यायच्या का? लोकं लय भ्या घालत्यात. तुमच्या मशिनीत बघा की."

मी रिफ्रेश न करताच पान उघडलं. "विसर्ग वाढलेला नाही. लोकांचं ऐकू नका," असं ठणकावून सांगितलं. ती सूचना कालची होती. खाली वेळ लिहिलेली होती, मी पाहिली नाही.

दुपारी कृष्णेचं पाणी गोठ्यात शिरलं. एक म्हैस सोडवता आली. दुसरी बांधलेलीच राहिली.

तुम्ही बातमीखालची वेळ पाहता का?

संध्याकाळी क्रॉन लावला आणि सर्व्हरचा पासवर्ड गल्लीतल्या दोघींना लिहून दिला, म्हणजे माझ्याशिवाय त्यांनाही तपासता येईल. हौसाक्कांनी मला बुडालेल्या म्हशीच्या गळ्यातलं दावं दिलं. गाठ तशीच होती.